पिळाचे यंत्र आणि पायाखालचा लगाम

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता द्यावी, ललित लेख द्यावा, फार तर सहलीचे वर्णन द्यावे, असा एक अलिखित संकेत आहे. मोटर, गिअरबॉक्स आणि चेन यांवर लेख लिहिणे म्हणजे शेजारच्याच्या रानात नांगर घालण्यासारखे. पण गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावरचा माझा बहुतेक वेळ आमच्या घरच्या लोहारकामाच्या शेडमध्ये, एका घरगुती यंत्राच्या सुधारणेत गेला. त्या यंत्राने मला जे शिकवले ते वर्गमित्रांना आणि गुरुजनांना सांगावेसे वाटते, म्हणून हा आगाऊपणा.

आमचे यंत्र एकच काम करते. ते पोलादाच्या तापलेल्या सळईला पीळ देते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हेकट माणसाला लावतो. पण पीळ हा मुळात दोष नव्हेच. एकेकटा धागा तुटतो, पीळ दिला की त्याचा दोर होतो. लोखंडालाही माणसाने फार पूर्वीपासून पीळ दिला आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतले पिळाचे गज आपण पाहिले आहेत. स्लॅबमध्ये पूर्वी सर्रास वापरली जाणारी ‘टॉर’ सळई म्हणजे थंड अवस्थेत पीळ देऊन मजबूत केलेली सळईच. आता तिची जागा टीएमटी सळईने घेतली, तरी आमच्या भागात जुने गवंडी अजून कोणत्याही सळईला ‘टॉर’च म्हणतात.

चाकूच्या पात्यात मात्र पीळ देतात तो मुख्यतः नक्षीसाठी. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, टाकणखार टाकून भट्टीत पिवळ्याधमक होईपर्यंत तापवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या. या थरांच्या ठोकळ्याची सळई ओढायची, तिला पीळ द्यायचा, मग ती पुन्हा ठोकून चपटी करायची आणि घासायची. शेवटी पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवले की साधे पोलाद काळवंडते, निकेल असलेले पोलाद चकाकत राहते आणि लपलेले थर डोळ्यांपुढे उभे राहतात. पिळाच्या सळईच्या पृष्ठभागाजवळ तिरप्या रेघा दिसतात. तीच सळई मध्यापर्यंत घासली तर चांदण्यांसारख्या आकृती उमटतात. एक उजव्या आणि एक डाव्या पिळाची अशा दोन सळया शेजारी शेजारी जोडल्या, तर पात्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी उतरते.

बाजारात या पोलादाला ‘दमास्कस’ म्हणतात. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडे थांबून सांगणे भाग आहे, की या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू वावरतात. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे आणि ‘वुट्झ’ म्हणून जगभर गाजलेले पोलाद ही एक. त्यातली लहर धातूच्या अंतर्गत रचनेतून येते, ती कोणी पिळून आणलेली नसते. आमची वस्तू दुसरी, थर जोडून व पिळून केलेली. तिची परंपराही जुनी आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू येथे १९३९ साली सातव्या शतकाच्या आरंभीची एक नौकासमाधी उकरली गेली. तीत एक तलवार सापडली. तिचे पाते गंजून म्यानाशी एकरूप झाले होते, परंतु क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रांत आतल्या पिळाच्या सळया स्पष्ट दिसल्या. युरोपात पुढे ही विद्या तलवारीतून मागे पडली. आधुनिक काळात तिला पुन्हा लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेतील विल्यम मोरान या चाकूकाराने १९७३ साली आपले असे चाकू प्रदर्शनात मांडल्यानंतर. आमच्या सरांनी दिलेल्या पुस्तकात सटन हूच्या तलवारीचे चित्र मी प्रथम पाहिले आणि ते घरी आप्पांना दाखवले. आप्पांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले व म्हणाले, “पीळ सारका हाय. घाई न्हाई केल्याली.”

तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला आप्पांनी दिलेले ते प्रशस्तिपत्र होते. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

आता यंत्राकडे वळू. आमच्या शेडमध्ये आजोबांच्या काळी विळे, खुरपी, कोयते होत. पुढे कारखान्यात बनलेला माल स्वस्त मिळू लागला तेव्हा आप्पांनी खिडक्यांची ग्रिले करायला घेतली. पहिले यंत्र त्या काळचे. एका टोकाला पक्का बसवलेला जबडा, दुसऱ्या टोकाला बेअरिंगमध्ये फिरणारा जबडा आणि त्याला लांब दांड्याचा हँडल, एवढेच त्याचे रूप. १० मिलिमीटर चौरस सळई त्यावर थंडच पिळता येई. चार-पाच वर्षांपूर्वी दादाने स्वयंपाकघरातले नक्षीदार चाकू करायचे मनावर घेतले, ते विकले जाऊ लागले, आणि त्याच यंत्रावर २० ते २५ मिलिमीटरच्या तापलेल्या सळया चढू लागल्या.

हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण तो तसा नाही. सळईची बाजू दुप्पट केली तर तिला पिळायला लागणारा जोर दुप्पट होत नाही, आठपट होतो. जोर बाजूच्या घनाप्रमाणे वाढतो. १० ऐवजी २५ मिलिमीटर घेतले तर तो साडेपंधरा पटींच्या पुढे जातो. तापलेले पोलाद थंड लोखंडापेक्षा चार-पाच पटींनी मऊ असते हे वजा केले, तरी आधीच्या तिप्पट-चौपट जोर उरतोच. २५ मिलिमीटरच्या लालपिवळ्या सळईसाठी माझ्या हिशेबाने सुमारे २०० न्यूटन-मीटर जोर लागतो. सोप्या भाषेत, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला वीस किलोचे वजन लोंबकळावे एवढा. आणि तो एकदा लावून भागत नाही. सळई निवण्याच्या आत, भट्टीच्या झळीत उभे राहून, आठ-दहा फेरे पुरे होईपर्यंत लावत राहावा लागतो. दोन वर्षे हे काम आप्पांच्या उजव्या खांद्याने केले. तिसऱ्या वर्षी त्यांना सदऱ्यात हात घालता येईना. डॉक्टरांनी हात वर नेणारे काम बंद करायला सांगितले. आप्पांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी हँडल धरला.

तेव्हा यंत्राला मोटर लावायची, असे दादाने व मी ठरवले. भंगारातून २ अश्वशक्तीची मोटर आणली. ती मिनिटाला १४४० फेरे फिरे. पुल्या आणि चेन यांचे टप्पे लावून आम्ही तो वेग मिनिटाला ६० फेऱ्यांवर आणला. म्हणजे सेकंदाला एक फेरा. स्टार्टर जुन्याच जागी भिंतीवर, यंत्रापासून पाच पावलांवर. आमच्या मते सुधारणा पूर्ण झाली होती. जिथे आप्पांना घाम फुटे तिथे आता बटण होते.

आप्पा म्हणाले, “आरं, सळई हाय ती. उसाचं कांडं न्हवं, की घातलं चरकात आन् दिलं फिरवून.”

आम्ही हसलो. पहिल्या दोन सळया बऱ्या उतरल्या. तिसऱ्या वेळी मी स्टार्टरपाशी होतो आणि आप्पा सळईपाशी. कोळशाच्या भट्टीत सळईचा मधला चार बोटे भाग पिवळा झाला होता आणि दोन्ही बाजू नुसत्याच लाल होत्या. मी बटण दाबले. पीळ सगळ्या सळईत सारखा पसरायला हवा होता, तो त्या चार बोटांतच गोळा होऊ लागला. तिथला जोड उकलला, सळई धनुष्यासारखी वाकली आणि फिरू लागली. आप्पा “थांबव” म्हणाले. मी बटण दाबले, पण माझ्या हाताला लागलेला क्षण आणि मोटरचा वेग मिळून आणखी दोन फेरे झाले. सळई तुटली. जबड्यात राहिलेला वाकडा तुकडा गरकन फिरून आप्पांच्या डाव्या मनगटावर बसला.

महिनाभराने जखम भरली. डाग आहे. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त मोटरचा पट्टा काढून खुंटीला लावला आणि हँडल पुन्हा बसवला. दुखऱ्या खांद्याने, बांधलेल्या मनगटाने ते पुन्हा फेरे मोजू लागले. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला त्या महिन्यात रोज वाटले.

त्या महिन्यात मी दोन कामे केली. एक, आप्पा हाताने पीळ देत असताना वही घेऊन बसलो. दुसरे, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या मागे लागून हिशेब समजून घेतले. वहीत सापडले ते असे. आप्पा एका दमात आठ फेरे कधीच देत नसत. एक-दोन फेरे, मग क्षणभर थांबणे, सळईच्या रंगावर नजर, पुन्हा फेरा. रंग कुठे लवकर उतरतोय, पीळ कुठे गोळा होतोय, हे ते सतत पाहत असत. तळहाताला हँडलचा विरोध एकाएकी कमी लागला की ते थांबत, कारण कुठेतरी जोड सुटतो आहे किंवा एखादी जागा फाजील मऊ आहे, असा त्याचा अर्थ. आम्ही खांद्याचे काम मोटरला दिले ते ठीकच होते. चूक ही, की त्याबरोबर नजरेचे आणि तळहाताचे कामही काढून घेतले आणि त्याच्या बदली काहीच दिले नाही.

सरांच्या हिशेबाने यामागचे कारण कळले. २५ मिलिमीटर जाडीच्या गोल सळईला दर २५ मिलिमीटर लांबीत एक फेरा दिला, तर मधोमध असलेला कण जागच्या जागी फिरतो. बाहेरच्या कडेवरची रेघ मात्र तेवढ्याच लांबीत जवळजवळ ७८ मिलिमीटरचा वळसा घेते. मूळची २५ मिलिमीटरची ती रेघ ताणून सुमारे ८२ मिलिमीटर होते, म्हणजे तिपटीहून जास्त. एकाच सळईत गाभा निवांत आणि साल तिप्पट ताणलेली, अशी ही ओढाताण असते. थरांचा जोड कुठे कच्चा असेल तर तो येथे उघडा पडणारच. पीळ ही जोडाची परीक्षा आहे, आणि परीक्षा घेणाऱ्याला मध्येच थांबता आले पाहिजे.

यावरून नव्या यंत्राची मागणी आपोआप ठरली. जास्त ताकद नको होती. हवा होता कमी वेग आणि हवे तेव्हा थांबणे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आम्ही एक जुना वर्म गिअरबॉक्स आणला. त्याचे प्रमाण चाळीसास एक. मोटर २ अश्वशक्तीची काढून १ ची बसवली. १४४० चे गिअरबॉक्समधून ३६ फेरे झाले. पुढे मोटरसायकलची चेन आणि १४ व ४२ दात्यांची स्प्रॉकेटे लावून त्या ३६ चे १२ केले. आता एक फेरा पाच सेकंदांत होतो. वेग कमी केला की फिरवण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे मोटर निम्मी होऊनही, घर्षणात जाणारा वाटा सोडून, आम्हाला ३०० न्यूटन-मीटरच्या पुढे जोर मिळतो. वर्म गिअरचा दुसरा गुण असा, की मोटर बंद झाली की तो लगेच अडकतो. जबडा पुढे वाहवत जात नाही.

स्टार्टर भिंतीवरून काढला आणि त्याच्या जागी पायाने दाबायचा स्विच घेतला. पाय दाबलेला असेल तोवरच यंत्र फिरते, उचलला की थांबते. हा स्विच सळई पाहणाऱ्याच्याच पायाखाली असतो. बटण एकाकडे आणि नजर दुसऱ्याकडे, ही जुनी विभागणीच आम्ही मोडून टाकली. उलट फिरवण्याची कळ बसवली, त्यामुळे डावा आणि उजवा असे दोन्ही पीळ एकाच यंत्रावर देता येतात. लाल रंगाचे एक मोठे बंद-बटण हाताशी ठेवले, चेनवर पत्र्याचे झाकण आणि सळईच्या पुढे जाळी उभी केली.

दुसऱ्या टोकाचा जबडा पूर्वी बोल्टने जखडलेला होता. तो आता रुळावर मागेपुढे सरकतो, पण फिरत नाही. सळईचा ३० सेंटिमीटर भाग पुरा तापला की तो चार-पाच मिलिमीटर लांबतो आणि निवताना तेवढाच आखडतो. शिवाय पिळतानाही लांबी थोडी बदलते. दोन्ही टोके जखडली तर सळईला वाकण्यावाचून वाटच उरत नाही. आमची सळई धनुष्यासारखी वाकली होती, त्यात असमान तापाबरोबर या जखडलेल्या जबड्याचाही हात होता.

भट्टीही बदलावी लागली. लांबट गॅस भट्टीत सळई सारखी तापते. तरीही एखादी जागा मागे राहिली, तर यंत्र थांबवून तेवढ्याच जागी गॅसची ज्योत धरायची. पुढे गेलेल्या जागेवर पाणी ओतून ती थंड करण्याचा मोह होतो, पण कार्बन जास्त असलेल्या पोलादाला तडा जाण्याची भीती असते, म्हणून आम्ही ते टाळतो. पीळ देण्यापूर्वी चौकोनी सळईचे कोपरे मारून घेतो, नाहीतर ते आत दुमडून पात्यात भेगा ठेवतात. पकडीसाठी दोन्ही टोके मात्र चौकोनीच राखतो.

शेवटची सुधारणा सर्वांत स्वस्त आणि माझ्या सर्वांत आवडीची. फेरे मोजायचे तर जबड्यावरच्या खुणेकडे पाहावे लागे, आणि तेवढ्या वेळात नजर सळईवरून हटे. मी जबड्याच्या कडेला एक बोल्ट बसवला आणि चौकटीवर सायकलची घंटी. दर फेऱ्याला बोल्ट घंटीची दांडी ओढतो. आता कान मोजतात आणि डोळे सळईवर राहतात. शेजारपाजारच्यांना घंटी ऐकू आली की ते म्हणतात, यांची शाळा सुटली.

सगळे जुळवून झाले तेव्हा पहिली सळई पिळायला आप्पांनी यावे अशी आमची इच्छा होती. पण बोलवायचा धीर होईना. दादा आणि मी दोन दिवस भंगारातल्या सळया पिळत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा आपणहून आत आले. गिअरबॉक्सकडे त्यांनी पाहिले नाही. पायाचा स्विच चपलेने दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. दहा-बारा वेळा तरी. मग म्हणाले, “तापव.”

चांगली, थरांची सळई भट्टीतून काढली. हिशेबाने तिला आठ फेरे द्यायचे होते. घंटी वाजू लागली. तिसऱ्या फेऱ्यानंतर आप्पांनी पाय उचलला, वाकून पाहिले, पुन्हा दाबला. पाचव्याला पुन्हा उचलला. सात वाजले आणि यंत्र थांबले ते थांबलेच.

मी म्हणालो, “आप्पा, एक राहिला.”

“रंग गेला,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे. जोडीच्या सळईलाबी सातच दे.”

त्या दोन सळयांचा चाकू आता आमच्या घरी भाजी चिरायला आहे. तो विकला नाही. त्याच्या पात्यावरची काट्याची नक्षी दोन्ही बाजूंनी बरोबर जुळते, कारण दोन्हीकडे सात-सात फेरे आहेत. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर ‘८’ हा आकडा खोडलेला आहे आणि पुढे आप्पांचा शब्द लिहिलेला आहे.

वाचकहो, यंत्र आले की माणसाचे कसब जाते, असे आपण निबंधांत नेहमी लिहितो. मीही लिहिले आहे आणि त्याला गुणही मिळवले आहेत. आमच्या शेडमध्ये मला दिसले ते जरा वेगळे. पहिल्या यंत्राने कसब खरोखर बाहेर काढले होते आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मनगटावर मोजली. दुसऱ्या यंत्राने तेच कसब पायाखाली आणून ठेवले. दोन्ही यंत्रांत लोखंड जवळपास तेवढेच आहे. फरक इतकाच, की दुसरे करण्यापूर्वी मी महिनाभर वही घेऊन आप्पांच्या शेजारी बसलो होतो. ते बसणे पहिल्या यंत्राच्या आधी व्हायला हवे होते.

आप्पांचा खांदा पूर्ण बरा झालेला नाही. होईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत. पण सदरा ते आता स्वतः घालतात. आणि पीळ द्यायची वेळ आली की दादाला बाजूला सारून स्विचवर पाय ठेवायला येतात. गेल्या महिन्यापासून कधीकधी ते मला बोलावतात आणि पाय माझा ठेवायला लावतात. स्वतः शेजारी उभे राहतात, काही बोलत नाहीत. थांबायची वेळ झाली की माझ्या आधी त्यांचा श्वास थांबतो. ते ओळखायला मी अजून शिकतो आहे.